रामबागेतला ॲरिस्टॉटल : फी वसूल, चहा पाणचट

इंदुरात मराठी नाटकाची तिकिटं हातोहात जातात, पण नाटकावर चार शब्द ऐकायला बोलावलं तर पुढच्या दोन रांगा आयोजकांच्या नातेवाइकांनी भराव्या लागतात. त्यामुळे रामबागेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर, पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी, ॲरिस्टॉटलचं ‘काव्यशास्त्र’ मराठीतून शिकवणार असा निरोप व्हॉट्सॲपवर आला, तेव्हा मी फी भरली ती थोडी दयेपोटीच. ६०० रुपये. त्यात सहा रविवार, टिपणांचा झेरॉक्स संच, मध्यंतरात पोहे-जलेबी आणि चहा. वर्ग आता संपलाय, पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे म्हणतात आणि ओळखीतले लोक विचारताहेत की जावं का. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं मत किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी बँकेतून निवृत्त. हौशी मंडळात वर्षानुवर्षं प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत स्टूल, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी. आमच्या मंडळाची कितीतरी नाटकं मी समोरून कधी पाहिलीच नाहीत, फक्त ऐकली. कुणाचा श्वास कुठे अडकतो, कुठलं वाक्य खाल्लं जाणार, प्रेक्षक कुठे एकदम चिडीचूप होतात, हे मला पाठ. नेपथ्याच्या भिंतींना रंग कुठला होता ते मात्र विचारू नका. ग्रीक साहित्याशी माझा संबंध कॉलेजात परीक्षेपुरता आला होता, तेवढाच.

शिकवणारे सर कॉलेजातून निवृत्त झालेले, मूळ ग्रीक वाचणारे. आवाज बारीक, पण कान देऊन ऐकावंसं वाटेल असा. त्यांची एक सवय मला फार आवडली. ॲरिस्टॉटल असं म्हणतो, असं नुसतं ते कधीच म्हणाले नाहीत. कुठल्या प्रकरणात म्हणतो ते आधी सांगायचे, मग वाक्य वाचायचे, मग ‘आता ह्यावर माझं मत’ असं बजावून पुढे. पुस्तक म्हणाल तर एवढंसं, २६ प्रकरणांचं, आणि त्यातलं सुखात्मिकेवरचं दुसरं पुस्तक हरवलेलं. विंदा करंदीकरांनी ते मराठीत आणलंय हे बऱ्याच जणांना तिथेच कळलं. मलाही.

पहिले चार रविवार शोकांतिकेचे. कथानक, स्वभाव, विचार, भाषा, गीत आणि दृश्य ही सहा अंगं, त्यात कथानक सगळ्यांत वर आणि दृश्य सगळ्यांत खाली. सहाव्या प्रकरणात तो चक्क म्हणतो की शोकांतिकेचं सामर्थ्य प्रयोगावाचून आणि नटांवाचूनही टिकतं. दृश्याचं काम कवीपेक्षा नेपथ्यवाल्याचं जास्त. आमच्या मंडळातले नेपथ्यवाले भाऊ पुढच्या रांगेत बसले होते. ते उठून जातील असं वाटलं, पण पोहे यायचे होते. मला मात्र फार बरं वाटलं. चौदाव्या प्रकरणात तो आणखी पुढे जातो. गोष्ट अशी रचावी की न पाहता नुसती ऐकणाऱ्याच्याही अंगावर काटा यावा, नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ईडिपस राजाची ऐकून येतो तसा. विंगेतल्या स्टुलावर बसणाऱ्या माणसाची दखल इतक्या मोठ्या ग्रंथकाराने घेतलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

विरेचनावर, म्हणजे शोकांतिका भय आणि करुणा जागवून त्यांचा निचरा करते या कल्पनेवर, एक अख्खा रविवार गेला. तो मी इथे थोडक्यात उरकते, कारण तिथेही कुणाचं एकमत झालं नाही. मूळ व्याख्येत एका वाक्यात आलेली गोष्ट, तिच्यावर पुढच्या लोकांनी ग्रंथ लिहिले. सरांनी तीन अर्थ फळ्यावर लिहिले आणि ‘तुम्हाला पटेल तो घरी न्या’ म्हणाले. एका काकांना हे फारच उथळ वाटलं. त्यांनी पुढचा रविवार बुडवला.

ह्या वर्गाचा खरा जीव पाचव्या आणि सहाव्या रविवारात आहे. महाकाव्य आणि शोकांतिका यांत श्रेष्ठ कोण, हा तो विषय.

ॲरिस्टॉटलचा मामला पाचव्या प्रकरणापासूनच सुरू होतो. दोन्हींत थोर माणसांच्या गंभीर कृतींचं अनुकरण, दोन्ही पद्यात. फरक तीन. महाकाव्याला एकच वृत्त, शोकांतिकेला अनेक. महाकाव्य निवेदनातून चालतं, शोकांतिका पात्रांच्या करण्या-बोलण्यातून. आणि तिसरा लांबीचा : शोकांतिका शक्यतो सूर्याच्या एका फेऱ्यात आटोपू पाहते, महाकाव्याला काळाचं बंधन नाही. वर तो एक वाक्य टाकतो, महाकाव्याकडे जे आहे ते सगळं शोकांतिकेकडे आहे, पण शोकांतिकेकडे आहे ते सगळं महाकाव्याकडे नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, माझं भांडण त्याच्याशीच आहे.

पाचव्या रविवारी सरांनी २३वं आणि २४वं प्रकरण घेतलं. ग्रीक महाकवी होमरने ‘इलियड’मध्ये ग्रीक आणि ट्रॉय यांचं सगळं युद्ध सांगितलं नाही, दहाव्या वर्षातला पन्नासएक दिवसांचा तुकडा उचलला आणि ग्रीक वीर अकिलीसचा राग एवढंच सूत्र धरलं, याबद्दल ॲरिस्टॉटल त्याची तोंड भरून स्तुती करतो. म्हणूनच ‘इलियड’ किंवा ‘ओडिसी’तून एखादी, फार तर दोन शोकांतिका निघतात; इतरांच्या पसरट महाकाव्यांतून ढीगभर निघतात, ‘लिट्ल इलियड’मधून आठाहून जास्त. जास्त नाटकं निघणं हा त्याच्या लेखी दोष. आमच्याकडे याच्या उलट समजतात, पण ते असो.

मग आला तो पाठलाग. २४व्या प्रकरणात ॲरिस्टॉटल म्हणतो की अद्भुत आणि अतर्क्य गोष्टी महाकाव्यात जास्त खपतात, कारण करणारा माणूस आपल्याला दिसत नाही. उदाहरण देतो ‘इलियड’मधल्या, अकिलीसने केलेल्या ट्रॉयच्या राजपुत्राच्या, हेक्टरच्या पाठलागाचं : रंगमंचावर हे हास्यास्पद होईल, सगळे ग्रीक सैनिक नुसते उभे आणि अकिलीस मान हलवून त्यांना थांबवतोय. सर म्हणाले, ‘करूनच बघू या.’ चार जणांना भिंतीशी ग्रीक सैन्य म्हणून उभं केलं. हेक्टर झाले राजेंद्रनगरचे एक सत्तरीतले गृहस्थ, अकिलीस झाला कॉलेजातला एक मुलगा. खुर्च्यांची ट्रॉयनगरी. गृहस्थ पुढे, मुलगा मागे, आणि मुलगा धावता धावता सैन्याकडे बघून नको-नको अशी मान हलवतोय. पहिल्या फेरीतच माडी हसून कोसळायची बाकी. दुसऱ्या फेरीत हेक्टरांनी गुडघा धरला आणि ‘अरे भिया, जरा हळू’ म्हणाले, त्यावर तर सैन्यच खाली बसलं.

सर शांतपणे उभे. सगळ्यांचं हसून झालं, घामबीम पुसून झाला. मग त्यांनी झेरॉक्समधून नाही, आपल्या वहीतून, स्वतः मराठीत केलेला ‘इलियड’च्या २२व्या सर्गातला तोच भाग वाचला. दोघे टेहळणीच्या जागेवरून जातात, वाऱ्यात डोलणाऱ्या रानअंजिराच्या झाडापाशी येतात, मग दोन झऱ्यांपाशी. एक झरा ऊन, त्यावर वाफ धरलेली. दुसरा उन्हाळ्यातही गारेसारखा थंड. झऱ्यांच्या कडेला धुण्याच्या दगडी डोण्या, तिथे ट्रॉयच्या बायका-मुली आपले चकचकीत कपडे धूत असत, ग्रीक यायच्या आधी, शांततेच्या दिवसांत. तिथून ते दोघे धावत पुढे जातात. बक्षिसाचा बैल किंवा कातडं मिळवायला लोक धावतात, तसं हे धावणं नाही. पैज लागली आहे हेक्टरच्या जिवाची. स्वप्नात जसं धावणाऱ्याला सुटता येत नाही आणि मागच्याला धरता येत नाही, तसं चाललंय. तटाभोवती तीन फेऱ्या.

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मघाचा हेक्टर मान खाली घालून बसलेला. सैन्याने एका शब्दाने चेष्टा केली नाही.

माझं मन त्या डोण्यांवर अडकलं. रंगमंचावर त्या आणता येतील का? येतील की. आमचे भाऊ थर्माकोलच्या करून देतील, रंग मारला की दगडासारख्या दिसतात. पण मग त्या नुसत्या डोण्या होतील. ‘ग्रीक यायच्या आधी’ हे थर्माकोलवर कसं रंगवणार? जिवावर बेतलेल्या पळापळीत मधेच अर्धा क्षण थांबून तिथे पूर्वी कपडे धूत असत एवढं सांगून पुढे जाणं, हे निवेदन करणाऱ्यालाच जमतं. पळणाऱ्या हेक्टरच्या तोंडी ते घातलं तर प्रेक्षक म्हणतील, बाबा, आधी पळ.

सहाव्या रविवारी २६वं प्रकरण, म्हणजे निकाल. ॲरिस्टॉटल आधी विरुद्ध बाजू मांडतो आणि ती प्रामाणिकपणे मांडतो. जी कला कमी भडक, ती वरच्या दर्जाच्या श्रोत्यांसाठी. शोकांतिकेतले नट हातवारे करतात, म्हणून शोकांतिका खालच्या दर्जाची. मिन्निस्कस नावाचा जुना नट कॅलिपिडीस नावाच्या नव्या नटाला माकड म्हणायचा, हे तिथलंच. मला तर हे वाचून आमच्या मंडळातली निम्मी भांडणं आठवली. आमच्याकडे एक नायक होते, मरायच्या प्रवेशात इतका वेळ घ्यायचे की मी संहितेची दोन पानं आधीच उलटून ठेवायची आणि पडदा ओढणारा बाहेर विडी ओढून यायचा.

ॲरिस्टॉटलचं उत्तर झकास आहे. हा आरोप कवितेवर नाही, अभिनयावर आहे. अति करायला महाकाव्य गाणाराही करू शकतो, सोसिस्ट्रॅटस करायचाच. सगळी हालचाल वाईट म्हणाल तर नाचही बाद करावा लागेल. आणि शोकांतिका हालचालीशिवायही आपलं काम करते, नुसती वाचली तरी कळते. मग तो जमेच्या बाजू मांडतो. महाकाव्याचं सगळं तिच्यात आहे, वर संगीत आणि दृश्य आहे. वाचताना काय, बघताना काय, ती डोळ्यांपुढे उभी राहते. आपला हेतू ती कमी लांबीत साधते, आणि एकवटलेलं हे पातळ केलेल्यापेक्षा जास्त गोडी देतं. नाटककार सोफोक्लीसचा ‘ईडिपस’ ‘इलियड’एवढ्या ओळींत लिहून बघा, म्हणतो. ‘ईडिपस’ सुमारे १,५३० ओळींचं, ‘इलियड’ सुमारे १५,७०० ओळींचं. दहापट. त्याच वेळी चहाचा ट्रे फिरला आणि पातळ करण्याचा मुद्दा घोटासरशी सगळ्यांना पटला.

लांबीवर आणखी एक गोष्ट मला नवी होती. महाकाव्याची सुरुवात आणि शेवट एका नजरेत मावले पाहिजेत, म्हणून ते एका बैठकीत दाखवल्या जाणाऱ्या शोकांतिकांच्या एकत्र लांबीएवढं असावं, असं तो २४व्या प्रकरणात सुचवतो. अथेन्सच्या उत्सवात एका कवीच्या तीन शोकांतिका लागत. हिशेब केला तर चार-पाच हजार ओळी, म्हणजे ‘इलियड’चा तिसरा हिस्सा. पुढच्या शतकात अपोलोनिअस नावाच्या ग्रीक कवीने जेसन या वीराच्या सफरीवर महाकाव्य लिहिलं ते ५,८०० च्या आसपास ओळींचं निघालं. त्याने हे वाचून तसं केलं की कसं, ते सरांनी आमच्यावर सोडलं.

आता माझं भांडण. वर्गात हात वर करून विचारलं तेच लिहिते. २४व्या प्रकरणात तुम्हीच शिकवलंत की एकाच वेळी अनेक ठिकाणी घडणाऱ्या गोष्टी महाकाव्याला सांगता येतात, शोकांतिकेला नटांपुढचा तेवढा भागच दाखवता येतो. न दिसण्यामुळे अद्भुतही महाकाव्यालाच पेलतं. मग दोनच प्रकरणांनी ‘महाकाव्याचं सगळं शोकांतिकेत आहे’ हे कसं? जमाखर्चात या दोन रकमा गेल्या कुठे? बँकेत असं टाळलं असतं तर माझी चौकशी झाली असती.

सर म्हणाले, ‘ताई, तो अंगांबद्दल बोलतोय. कथानक, स्वभाव, विचार, भाषा ही चारही अंगं शोकांतिकेत आहेत. तुम्ही म्हणता ती सवलत आहे, अंग नव्हे.’ उत्तर नेमकं होतं आणि ग्रंथाला धरून होतं. पण माझं समाधान झालं नाही. कारण ‘ईडिपस’मध्येच बघा. सगळ्यांत भयंकर काय घडतं? राणी गळफास घेते आणि ईडिपस तिच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या पिना काढून स्वतःचे डोळे फोडतो. हे रंगमंचावर घडतच नाही. महालातून एक सेवक बाहेर येतो आणि सांगतो. म्हणजे ऐन मोक्याच्या जागी शोकांतिकेने नट बाजूला केले आणि निवेदनकार बोलावला. उसनं आणलेलं भांडं आपल्याच फडताळात मोजायचं, असा हा प्रकार. उलट ॲरिस्टॉटल होमरची स्तुती कशाबद्दल करतो, तर तो स्वतः कमीत कमी बोलतो आणि पात्रांना बोलू देतो. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. बुवा मोरोपंतांची आर्या म्हणतात, गोष्ट सांगतात, सांगता सांगता द्रौपदी होतात, पुन्हा बुवा होतात. ॲरिस्टॉटलचा गुरू प्लेटो, त्याने ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात निवेदन, अनुकरण आणि दोन्हींचं मिश्रण असे तीन प्रकार केलेत आणि महाकाव्य तिसऱ्यात टाकलंय. ती वर्गवारी मला ॲरिस्टॉटलच्या निकालापेक्षा प्रत्यक्षाला जास्त धरून वाटते.

तरी कौल द्यायची वेळ आली तेव्हा मी हात शोकांतिकेसाठीच वर केला. कारण एकवटलेपणाचं. प्रेक्षागृह कुठल्या क्षणी चिडीचूप होतं ते मी ऐकलंय, आणि ते दोन-अडीच तासांच्या दाबाशिवाय होत नाही. ‘दृश्य आणि संगीत जास्तीचं’ हा त्याचा मुद्दा मात्र मला लटका वाटतो. ज्याला सहाव्या प्रकरणात खालचं पान वाढलं, त्याच्याच जोरावर २६व्यात बाजी मारायची हे काही खरं नाही.

हो, सरांनी खरंच हात वर करायला लावले. महाकाव्याला भरघोस मतं, शोकांतिकेला कॉलेजातली मुलं आणि आम्ही दोघी-तिघी बायका. सरांनी लगेच प्लेटोचं ‘लॉज’ (म्हणजे ‘कायदे’) हे पुस्तक काढलं. त्यातल्या दुसऱ्या भागात अशीच एक स्पर्धा कल्पिली आहे. लहान मुलं बाहुल्यांच्या खेळाला कौल देतील, जरा मोठी मुलं सुखात्मिकेला, सुशिक्षित स्त्रिया आणि तरुण आणि बहुधा बहुसंख्य लोक शोकांतिकेला, आणि आम्ही म्हातारे ‘इलियड’, ‘ओडिसी’ नाहीतर जुना कवी हेसिअड नीट म्हणून दाखवणाऱ्याला. माडीवरची वयवार विभागणी तंतोतंत तीच. प्लेटोच्या मते अर्थातच म्हाताऱ्यांचा कौल खरा. हे ऐकून हेक्टरांनी दुखरा गुडघा विसरून टाळी दिली.

आता तक्रारी. सगळ्यांत मोठी ही की महाकाव्याला एकच रविवार दिला आणि त्यातला बराच वेळ पाठलागात गेला. पाठलाग हवाच होता, पण ‘इलियड’ साधं आणि दुःखमय, ‘ओडिसी’ गुंतागुंतीचं आणि ओळख पटण्याच्या प्रसंगांनी भरलेलं हा महत्त्वाचा भाग शेवटच्या दहा मिनिटांत वाचून दाखवला, तोही घड्याळाकडे बघत. ज्याच्याविरुद्ध निकाल लावायचा त्याची बाजू नीट ऐकायला नको? ‘ओडिसी’तला एक पानभर उतारा वाचला असता तर मतांची गणती आणखी चुरशीची झाली असती.

झेरॉक्सचा टाइप इतका बारीक की आमच्या वयाच्या लोकांनी ती टिपणं पंख्यासारखी वापरली. माइक नव्हता, मागच्या तीन रांगांना सरांचा आवाज पोचत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसा. खुर्च्या लाकडी, बूड आखडतं. पोहे गरम, वर जीरावन मसाला सढळ, जलेबी कुरकुरीत, त्याबद्दल बोलायची सोय नाही. चहाबद्दल वर बोलले आहेच. आणि प्रश्नोत्तरांत एक सज्जन दर वेळी ‘पण आपल्या महाभारताचं काय?’ विचारणार. सरांनी एकदाच उत्तर दिलं, ‘ॲरिस्टॉटलपुढे महाभारत नव्हतं, त्याला त्याचा जाब विचारू नका.’ सज्जनांनी पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. आयोजकांनी त्यांना आवरलं पाहिजे.

कुणी जावं? नाटकात कुठलंही काम केलेल्याने नक्की जावं, नेपथ्यवाल्यांनी मन घट्ट करून. नाट्यस्पर्धेसाठी संहिता लिहिणाऱ्या मुलांनी तर सातवं आणि आठवं प्रकरण ऐकायलाच जावं. एका माणसाच्या आयुष्यात घडलं म्हणून ते एक कथानक होत नाही, एवढं कळलं तरी इंदूरच्या परीक्षकांची अर्धी डोकेदुखी जाईल. परीक्षेच्या तयारीसाठी मुद्दे हवेत अशांनी जाऊ नये, सर मुद्दे देत नाहीत. ज्यांना शेवटी एक पक्कं उत्तर घरी न्यायचंय त्यांनीही नको.

दुसरी तुकडी दिवाळीनंतर, रविवारीच, सकाळी नऊला, फी तीच म्हणतात. सुखात्मिकेवरही एक वर्ग घ्यायचा विचार चाललाय. पुस्तकच हरवलंय तर फी निम्मी घ्या, असं मी आयोजकांना कळवलंय. त्यांचं उत्तर आलेलं नाही. वाड्यासमोर स्कूटर लावू नका, शेजारचे हवा काढतात.